हरणपावली काठाची वही

१. कपाट

सोमवारी सकाळी गोंडवन मिलच्या डिझाइन खोलीतलं कपाट उघडलं, तेव्हा आत एक मेलेलं झुरळ होतं, अर्ध्यावर विझलेली उदबत्ती होती आणि धुळीच्या थरात वहीच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन होता. वही नव्हती.

आता वह्या काय, नागपुरात रोज हरवतात. पण ही वही हरवल्यावर मिलच्या मॅनेजरनं, म्हणजे हॉपवुड साहेबानं, सकाळचा चहा बशीत न ओतता सरळ कपातून प्यायला. शिपाई सांगत होता की असं साहेबानं याआधी फक्त महायुद्ध सुरू झालं तेव्हा केलं होतं.

कारण त्या वहीत हरणपावली काठ होता. १९२६ साली हरणपावली काठाचं लुगडं नसलेलं रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी हात आखडता घेतला असं धरून चालत. इतवारी बाजारातले कापडवाले गठ्ठा उतरायच्या आत अर्धा माल विकून मोकळे होत. दर वर्षी काठाची नवी तऱ्हा निघे, आणि प्रत्येक तऱ्हेतला धाग्यांचा क्रम त्या वहीत असे. वही दोन कुलपांच्या कपाटात असे. दसऱ्याला कपाटाची पूजा होई. एक किल्ली डिझाइन मास्तर मनोहररावांच्या जानव्याला, दुसरी हेडक्लार्क चंपतरावांच्या करगोट्याला. त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे दोन सद्गृहस्थांना एकाच वेळी थोडं संकोचावं लागे.

साहेबानं गिरिधरला बोलावलं.

गिरिधर जावक खात्यात बत्तीस रुपयांवर पत्रांना तिकिटं लावत असे. पण मागच्या वर्षी साहेबाची दातांची कवळी हरवली होती, ती त्यानं साहेबाच्याच कोटाच्या खिशातून काढून दिली होती. तेव्हापासून मिलमध्ये त्याची गणना गुप्त पोलिसांत होई. पगारात मात्र ती गणना झाली नव्हती.

“येत्या रविवारी प्रांताचं प्रदर्शन उघडतं आहे,” साहेब इंग्रजीत म्हणाला. “शुक्रवारी पत्र आलं, आपली वही काचेच्या पेटीत मांडायची. रोज एक पान उलटायचं. लाटसाहेबांची मडम बघायला येणार. आणि आज वही नाही.”

“चोर तर सापडला हाये साहेब,” चंपतराव आपल्या वऱ्हाडी वळणाच्या इंग्रजीत मधेच म्हणाले. आपण हजर असताना चोर न सापडणं त्यांना कमीपणाचं वाटे. “ओवणी खात्यातली जयवंता. शनिवारी भोंगा झाल्यावर डिझाइन खोलीच्या वऱ्हांड्यात उभी होती. पहारेकऱ्यानं डोळ्यानं पाह्यलं.”

“वही सापडली तिच्याकडे?”

“नाही. म्हणूनच शंका पक्की होते. लपवली नसती तर सापडली नसती का?”

साहेबानं निकाल दिला. शनिवारी दुपारच्या भोंग्याच्या आत वही आली नाही, तर जयवंताला काढून टाकायचं, तिचा अकरा वर्षांचा फंड जप्त करायचा आणि तिचं नाव प्रांतातल्या सगळ्या मिलांना कळवायचं, म्हणजे दुसरीकडे कुणी उभं करणार नाही.

गिरिधर तिला नावानंही ओळखत नव्हता. पण बाहेर पडताना चंपतराव त्याच्या कानाशी म्हणाले, “सोपं काम हाये गा. चोर मी दिला. तुले फक्त चोरी शोधायची हाये.”


२. एका वहीचे तीन रंग

गिरिधरनं ठरवलं की हरवलेली वस्तू शोधायची तर ती दिसते कशी हे आधी विचारावं. इथपर्यंत कुणीही शहाणा माणूस पोचला असता. घोटाळा उत्तरं मिळाल्यावर सुरू झाला.

“लाल,” चंपतराव म्हणाले. “लाल, जाड, खतावणीसारखी. पानापानावर रंगीत काठ.”

“तुम्ही उघडून पाहिली होती?”

“मी काहून उघडू? माझं काम कुलूप पाहाचं. आतलं पाहाचं काम मनोहररावचं.” मग छाती पुढे काढून म्हणाले, “पण त्या खोलीची शिस्त पाहा! बाकी खाते महिन्याले रीम-रीम कागद मागतात. डिझाइन खोलीनं अकरा वर्षांत शाईची एक दौत मागितली. एक! अन् तीही अर्धी शिल्लक हाये. याले म्हणतात काटकसर.”

हॉपवुड साहेबाच्या मते वही हिरवी होती, चामड्याच्या बांधणीची, कडांना सोनेरी वर्ख. त्यानं ती दर दसऱ्याला पाहिली होती, झेंडूच्या फुलांखाली. “अशी वस्तू उघडायची नसते,” तो आदरानं म्हणाला. “आमच्या गावच्या चर्चमध्येही एक पेटी आहे.”

राहिले मनोहरराव. मनोहरराव महिना एकशेचाळीस रुपये घेत आणि खुर्चीवर बसत. शिवाय दर वर्षी बक्षीस समारंभात त्यांना हरणपावली काठाबद्दल काहीतरी मिळे. आतापर्यंत पाच घड्याळं, चार शाली, एक चांदीची दौत आणि चुकून एक क्रिकेटचा करंडक. पाचही घड्याळं खोलीच्या भिंतीवर होती आणि पाचही वेगवेगळी वेळ दाखवत होती. त्यांच्याखाली मनोहरराव डोकं धरून बसले होते.

“वही कोणत्या रंगाची होती?”

“रंग ना...” मनोहररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “वापरानं उडाला होता हो.”

“पहिल्या पानावर काय होतं?”

“श्री.”

“आणि दुसऱ्या?”

दुसऱ्या पानावर मनोहररावांना दरदरून घाम फुटला. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, खिडकी उघडली, पुन्हा लावली आणि म्हणाले, “गिरिधरपंत, त्या बाईनं नाही नेली वही. एवढं मी शपथेवर सांगतो.”

“मग कुणी नेली?”

पाचांपैकी एका घड्याळात तेवढ्यात बाराचे ठोके पडू लागले, सकाळचे नऊ वाजले असताना. मनोहरराव चटकन उठले. “मला... मला बरं वाटत नाही. मी रजेवर जातो.”

आणि ते खरंच रजेवर गेले. अकरा वर्षांतली त्यांची ही पहिली रजा.


३. ओवणी खातं

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गिरिधर खाली ओवणी खात्यात उतरला. ताण्याचा एकेक उभा धागा इथं हातानं मागाच्या फणीतून ओवत. आज ओवलेला ताणा उद्या मागावर चढे. खात्यात चाळीसेक बाया होत्या, पण काठाचे धागे फक्त एका कोपऱ्यात ओवले जात. तिथं जयवंता उभी होती. चाळिशीची, काटक, कोष्टी घरातली. नवरा हातमाग चालवत असे, तो गेल्यावर माग विकून ती मिलमध्ये आली होती. तिच्यासमोर रंभाबाई रंगीत धागे घेऊन स्टुलावर बसली होती. जयवंता फणीवरून नजर न हलवता बोलत होती.

“दोन नणंदा.”

“आल्या,” रंभाबाईनं दोन धागे दिले.

“एक जाऊ, बोडक्या डोक्याची. मंग तीन दीर. धाकला रुसून बसला, त्याले सोड.”

“सोडला.”

“आता सासू येऊ दे. मांगून मामा, मामाच्या मांगं दोन माम्या.”

गिरिधर थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्यानं सभ्यपणे विचारलं, “कुणाकडे लग्न आहे?”

रंभाबाई खुदकन हसली. “इथं रोजच लगन हाये, मास्तर.”

“बोलणं बंद कर वं,” जयवंता तिला म्हणाली आणि गिरिधरकडे वळली. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण आवाजात नव्हती. “तुमी मले काढाले आले ना? शनिवारपर्यंत मुदत हाये म्हणते. शनिवारी या.”

“मी वही शोधायला आलोय. गेल्या शनिवारी वऱ्हांड्यात काय करत होतात?”

“तक्रार कराले गेली होती.”

“कसली?”

“माह्या पगारातून दंड कापला नाही याची.”

गिरिधरनं नोकरीत बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या. ही नव्हती ऐकली.

“कामावर बोललं का दोन आणे दंड,” जयवंता सांगू लागली. “मुकादम पंधरवड्याले एकदा तरी मले पकडतेच. पण अकरा रुपये पगार पुराच्या पुरा हातात येते. एकदा भेटला, वाटलं चुकला असन. तीन साल झाले! कंपनी गरिबाचे दोन आणे इसरते का मास्तर? मले भेव वाटलं. म्हटलं एखाद्या दिवशी सारे मिळून फंडातून कापतीन. त्या फंडातून मले हातमाग घ्याचा हाये, घरी. म्हणून इचाराले गेली. चंपतराव भेटले नाही. वापस आली.”

“आणि वही? ती पाहिलीत कधी?”

“कोणती वही?”

“हरणपावली काठाची. जिच्यावरून हे सगळं काम चालतं.”

जयवंतानं रंभाबाईकडे पाहिलं. रंभाबाईनं जयवंताकडे पाहिलं.

“असन बा,” जयवंता म्हणाली. “आमाले कोण दाखवते?”

गिरिधर जिना चढून वर आला तेव्हा चंपतराव एक भलामोठा कागद भिंतीला डकवत होते. त्यावरची शाई अजून ओली होती.


४. गप्प

कागदावर लिहिलं होतं की वहीचा तपास पुरा होईपर्यंत ओवणी खात्यात कुणीही कुणाशीही एक शब्द बोलू नये. बोलेल त्याला जागच्या जागी घरी पाठवण्यात येईल. अंमल बुधवार सकाळपासून.

“चोर एकमेकाइले खबर देतात,” चंपतरावांनी समजावलं. “तोंड बंद, तर खबर बंद.”

बुधवारी खातं गप्प होतं. मुकादम इतका खूश झाला की दुपारी एका कोपऱ्यात झोपला.

गुरुवारी दुपारी घडी खात्यातून आरोळी आली.

गिरिधर धावत गेला. टेबलावर त्या दिवशी मागावरून उतरलेली लुगडी पसरली होती. काठ पाहून घडी खात्याचा मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. हरणाच्या पावलांऐवजी कुणीतरी पाय घसरून पडल्यासारखं काहीतरी काठावरून लोळत गेलं होतं. अशी दोनशे लुगडी.

“वही नाही, म्हणून!” चंपतराव ओरडले. “पाहा साहेब! वहीशिवाय काम कसं होईन?”

हॉपवुड साहेबाचा चेहरा पडला. “तिला आत्ताच घालवा. शनिवार कशाला?”

“साहेब,” गिरिधर म्हणाला, “मंगळवारची लुगडी कुठे आहेत?”

ती बाजूलाच होती. काठ सुरेख होता. बुधवारची काढली. तीही सुरेख. हरणं नुसती पळत होती.

गिरिधरनं बोटांवर दिवस मोजले. वही सोमवारी सकाळी नव्हती. मंगळवारी विणलेलं लुगडं सोमवारी ओवलेल्या धाग्यांचं. बुधवारचं मंगळवारच्या. दोन्ही दिवस वही नव्हती आणि काठ बरोबर होता. गुरुवारी विणलेले धागे बुधवारी ओवलेले. बुधवारी नवीन काय झालं?

बिघडलेलं लुगडं न्यायला रंभाबाई आली होती. तिनं काठाकडे पाहिलं, तोंड उघडलं, कागदाची आठवण येऊन मिटलं. पण तिला राहवलं नाही. लुगडं उचलता उचलता ती गिरिधरशी पुटपुटली, “सासूच नाही आली ना. सारे दीर उघडे पडले.”

गिरिधरला मंगळवारी ओवणी खात्यात ऐकलेलं लग्न आठवलं. मग साहेबाला म्हणाला, “साहेब, मला शनिवारपर्यंत द्या. आणि तो कागद फाडा.”

“का?”

“आपला चोर बोलत होता म्हणून काठ येत होता.”

साहेबाला काही कळलं नाही. पण कवळीच्या वेळीही त्याला काही कळलं नव्हतं, आणि दात परत आले होते. त्यानं मान हलवली.


५. दंड भरणारा

शुक्रवारी सकाळी गिरिधरनं चंपतरावांना एकच प्रश्न विचारला. जयवंताचा दंड कोण भरतं?

“भरते ना एक जण,” चंपतराव सहज म्हणाले. “रोख. दर पंधरवड्याले येऊन. म्हणे, बाईच्या पगारातून कापू नका, तिले सांगूही नका.”

“कोण?”

“मनोहरराव.”

“आणि तुम्हाला हे विचित्र वाटलं नाही?”

“पैसे भरणारा मानूस मले कधीच विचित्र वाटत नाही.”

गिरिधर तिथून थेट महाल भागात, मनोहररावांच्या घरी निघाला. वाटेत त्यानं सगळं जुळवून पाहिलं. अकरा वर्षांत अर्धी दौत शाई. दोन माणसं, दोन रंग, आणि ज्याची वही त्याला रंगच आठवत नाही. जिच्या हातून काठ निघतो तिनं वही पाहिलेली नाही. आणि बाई बोलत राहावी म्हणून स्वतःच्या खिशातून दंड भरणारा मास्तर. बोलणं थांबलं की काय होईल, हे मिलमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं.

मागच्या शुक्रवारी पत्र आलं की वही काचेत मांडायची, रोज एक पान उलटायचं. सोमवारी वही नाही. वही चोरीला गेल्यानं कुणाचाच फायदा नव्हता. ती उघडली गेल्यानं मात्र एकाचं फार मोठं नुकसान होतं.

मनोहररावांच्या घराचं दार त्यांच्या बायकोनं उघडलं. पुष्पलताबाईंच्या पदराला निळा रंग लागला होता आणि त्या फार चिडलेल्या होत्या.

“तुम्ही तरी सांगा हो त्यांना,” त्या म्हणाल्या. “चार दिवस झाले, माझ्या सासरच्या माणसांची यादी मागतायत. कोण कुणाच्या शेजारी बसतं म्हणून विचारतायत. मी खरं सांगितलं तर म्हणतात, असा काठ भांडकुदळ निघेल!”


६. कोरी

माडीवर मनोहरराव जमिनीवर बसले होते. भोवती रंगांच्या वाट्या. पुढ्यात वही. तिचा रंग राखाडी होता, म्हणजे रंग सांगणाऱ्या दोघांपैकी कुणाचाच नाही. पहिल्या पानावर श्री होतं. पुढची दोनशे पानं कोरी होती. शेवटी शेवटी, या चार दिवसांत रंगवलेली सहा पानं होती आणि ती पाहून गिरिधरला गुरुवारची लुगडी बरी वाटली.

मनोहररावांनी वही लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“पहिल्या वर्षी मी खरंच काठ काढला होता,” ते म्हणाले. “तीन पानं. खाली पाठवली. खालून लुगडं आलं ते माझ्या चित्रासारखं नव्हतंच. फार सुंदर होतं. मी रागावून खाली जाणार, तेवढ्यात साहेब आला, माझी पाठ थोपटली आणि घड्याळ दिलं. आता घड्याळ हातात असताना माणूस काय बोलणार? ती तीन पानं मी फाडून टाकली.”

“पुढच्या वर्षी बोलायचं.”

“पुढच्या वर्षी शाल होती.”

गिरिधरनं वहीची आणखी काही कोरी पानं उलटली.

“मी तिच्या पगारवाढीसाठी दोनदा लिहिलं,” मनोहरराव खाली पाहत म्हणाले. “चंपतरावांनी शेरा मारला, बाई बोलघेवडी आहे, वाढ देऊ नये. वाढीचं कारण लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं. मग मी दंड भरू लागलो. स्वस्तात सुटत होतो, कळतं मला. पण तिच्यावर चोरीचा आळ येईल असं स्वप्नातही नव्हतं हो. गेल्या शनिवारी उदबत्ती लावायला कपाट उघडलं, चंपतरावांनी आपलं कुलूप काढून दिलं पण आत पाहिलं नाही, आणि मी वही उपरण्याखाली घेतली. वाटलं, वही भरतो आणि शनिवारी सापडली म्हणून परत ठेवतो. पण जमत नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकलंय तिला, शंभरदा. ती दीर म्हणते तेव्हा कोणता रंग आणि मामी म्हणते तेव्हा कोणता, मला अजून लागत नाही. आणि दर वर्षी ती नवी माणसं आणते!”

खाली पुष्पलताबाई मोठ्यानं म्हणाल्या की त्यांच्या सासरी नवी माणसं न आलेलीच बरी.

“उद्या दुपारी साहेबापुढे चला,” गिरिधर म्हणाला. “वही घेऊन.”

मनोहररावांनी वही मिटली. “ती पाच घड्याळंही घेऊन येऊ का?”

“आणा. वेळ कुणीतरी बरोबर सांगायला हवीच.”


७. शनिवार

साहेबानं वही उघडली. श्री पाहिला. दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग एकदम पन्नास. शेवटी त्यानं वही उलटी धरून झटकली, जणू काठ खाली पडतील.

गिरिधरनं सगळं सांगितलं. मनोहरराव दाराशी उभे राहिले. अकरा वर्षांत ते साहेबाच्या खोलीत पहिल्यांदाच उभे होते. चंपतरावांनी दोनदा “मले आधीच वाटलं होतं” असं म्हणून पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

साहेब विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. “उत्तम! बाईला बोलवा. तिनं सांगावं, गिरिधरनं लिहावं. वही भरली की काठ कंपनीच्या कपाटात राहील. मग कुणावर अवलंबून राहायला नको.”

गिरिधरनं पेन्सिल हातात घेतली होती. ती त्यानं खाली ठेवली. चोरीच्या आळानं जयवंताची नोकरी गेली नव्हती, ती आता निर्दोष ठरल्यामुळे जाणार होती.

जयवंता आली. सोबत रंभाबाईही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. गिरिधरनं वहीची आणि दंडाची हकिगत तिला सांगितली, साहेबाचं म्हणणंही शब्दाशब्दानं सांगितलं. ‘अवलंबून राहायला नको’ हेही सांगितलं, जरा जोर देऊन.

जयवंतानं कोऱ्या वहीवरून हात फिरवला. “सांगतो ना. मले काय भेटन?”

“साहेब घड्याळ देतील.”

“मले वेळ भोंगा सांगते. पगार किती?”

साहेबानं चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी वेतनश्रेणीचं पुस्तक उघडलं. “ओवणी खातं, बाया, जास्तीत जास्त तेरा रुपये. याच्यावर पुस्तकात आखलेला खणच नाही.”

“अन् मनोहररावले?”

“एकशेचाळीस. पण तो खण वेगळा हाये. डिझाइनचा.”

“मंग मी काय करून राहिली अकरा साल?” जयवंता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. मग तिनं नाक ओढलं, पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या नमुन्याच्या छोट्या मागाकडे गेली. “चाल वं रंभे. तेरा रुपयाचा काठ दाखवू साहेबाले.”

पुढचा तासभर त्या खोलीत फक्त नातेवाईक येत होते. दोन नणंदा आल्या, जाऊ आली, दीर आले. साहेब खुर्ची ओढून जवळ बसला. मागावर बोटभर रुंदीची हरणपावली उमटली, इतकी जिवंत की चंपतरावांनी पाय मागे घेतला. आणि मग, पाऊल पुरं व्हायच्या आत, काठ थांबला. पुढं नुसतं पांढरं कापड.

“पुढे?” साहेबानं मराठीत विचारलं. त्याला तेवढा शब्द येत होता.

“तेरा रुपयात इतकेच पाहुणे आले, साहेब,” जयवंता म्हणाली. “बाकीच्याइले गाडीभाडं लागते.”

गिरिधरनं भाषांतर केलं. साहेब हसला नाही. त्यानं काठ जिथं तुटला होता तिथं बोट ठेवलं. तो स्वतः विलायतेतल्या लँकशायरच्या मागावर मोठा झाला होता, हे नागपुरात तो कुणाला सांगत नसे.

“साठ,” तो म्हणाला.

“साठात माम्या येतीन. सासू नाही येणार.”

“शंभर.”

“सासू येईन. रुसलेला दीर नाही येणार. अन् तो नसला का हरणाले मांगचा पाय नाही.”

दाराशी उभ्या मनोहररावांनी घसा खाकरला. “साहेब, खण आहे. माझा. तो रिकामा होतोच आहे. तिला त्यात बसवा.” मग जरा थांबून म्हणाले, “मला रंग घोटता येतात. अक्षर बरं आहे. तिला हाताखाली कुणी हवं असेल तर.”

खोलीत सगळे जयवंताकडे पाहू लागले. तिनं मनोहररावांकडे पाहिलं. तिनं त्यांना आयुष्यात जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

“माहा दंड तुमी भरत होते?”

“हो.”

“मले सांगाचं असतं. तीन साल झोप नाही आली मले.” तिनं सुस्कारा सोडला. “राहू द्या त्याइले, साहेब. लिहू द्या. पण वहीवर नाव माहं लागन. अन् पुढच्या सालचे पाहुणे पुढच्या सालीच येतीन, आतापासून कोनी इचारू नये.”

चंपतरावांनी खणात तिचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांचा हात एकदा अडला, कारण वर ‘श्री.’ छापलेलं होतं आणि ते खोडायचं की नाही याचा नियम नव्हता.


८. सोमवार

रविवारी प्रदर्शनात काचेच्या पेटीत वही मांडली गेली, वर जयवंताचं नाव आणि आत रातोरात लिहिलेलं एकच पान. गिरिधरला वही शोधल्याबद्दल बक्षीस मिळालं. ते एक घड्याळ होतं. कुणाचं ते त्यानं विचारलं नाही.

सोमवारी तो जावक खात्यात आला तेव्हा त्याच्या टेबलापुढं रांग होती. सर्वांत पुढं रंभाबाई, हात कमरेवर.

“मास्तर, जयवंताचं झालं. माहं पाहा. ते सांगते, पण धागा कोन देते? ते दीर म्हणते तवा कोणता दीर, हे मले समजते, मनून देतो ना! दुसरीले बसवून पाहा एक रोज.”

तिच्यामागं बॉयलरवरचा नत्थूजी होता. चाकावरचा पट्टा तुटायच्या आधी त्याला वासावरून कळतं, असं तो म्हणत होता. त्याच्यामागं कौशल्या, जी डोळे मिटून सुताच्या बारीकपणाचा नंबर सांगे. तिच्यामागं पहारेकरी होता. त्याला काय येतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण रांग दिसल्यावर तो उभा राहिला होता. रांग जिन्यावरून खाली अंगणात गेली होती.

दारातून चंपतराव डोकावले. “काय तमाशा लावला हाये हा? इतके खण कुठून आणाचे?”

गिरिधरनं तिकिटांचा डबा बाजूला सरकवला. आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडे, रंभाबाईच्या बाजूला नेऊन ठेवली.

“बसा, बाई,” तो म्हणाला.

रंभाबाई खुर्चीकडे पाहत राहिली. मग हळूच, अगदी कडेवर, बसली.

गिरिधरनं उभ्यानंच एक मोठा कागद घेतला आणि आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.